अर्थवाले गुरुजी

अहेरीच्या चौकात गाडीचं बॉनेट उघडायला डॅशबोर्डखालची दांडी ओढावी लागते. माणसं जमवायला मात्र काहीच करावं लागत नाही. बॉनेट वर गेलं की पानठेल्यावरचे दोघे, चहाच्या टपरीवरचा एक आणि एसटीची वाट पाहणारे चार आपोआप गाडीभोवती उभे राहतात. यांच्यात तीन पक्ष ठरलेले. पहिला बल्बवाल्यांचा. "काही नाही जी, बल्ब गेला." दुसरा फ्यूजवाल्यांचा. यांतला एखादा तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी हातात घेऊनच येतो. तिसरा बॅटरीवाल्यांचा. हा सगळ्यांत उदार पक्ष, कारण पैसे दुसऱ्याचे असतात. "बॅटरीच बदलून टाका ना. काहून डोक्याला ताप?"

या तिघांची जुंपली की गर्दीच्या मागून एक शांत आवाज येतो, "अर्थ पाहिला का?"

लोक लगेच बाजूला सरकतात. काही आदरानं, तर काही पुढचे दोन तास वाचवावेत म्हणून.

हे आमचे अर्थवाले गुरुजी. नाव सांगत नाही, कारण अहेरीतही त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही. शिवाय असा माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावाला एक तरी असतोच. कुठे तो निवृत्त वायरमन असतो, कुठे पोस्टमास्तर. आमच्या नशिबी मराठीचे मास्तर आले, एवढाच फरक.

गुरुजींनी तीस वर्षं आश्रमशाळेत मराठी शिकवलं. घरी माडिया, गोंडी नाहीतर तेलुगू बोलणाऱ्या पोरांना ते फळ्यासमोर उभं करून विचारायचे, "कवीला इथे कोणता अर्थ अभिप्रेत आहे?" पोरं खिडकीतून मोहाच्या झाडाकडे पाहायची. तीस वर्षांत या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर गुरुजींना मिळालं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी मारुती ८०० घेतली आणि जन्मभर शोधलेला अर्थ त्यांना डाव्या हेडलाइटच्या मागे, पत्र्याला आवळलेल्या एका गंजक्या स्क्रूखाली सापडला.

तेव्हापासून खिशातला लाल पेन गेला आणि तिथे टेस्टर आला. खांद्याच्या शबनममध्ये पूर्वी वह्यांचा गठ्ठा असायचा. आता तिथे पॉलिश पेपरचे तुकडे, चिकटपट्टी, व्हॅसलीनची डबी, एक मल्टिमीटर आणि गुरुजींनी स्वतः बनवलेला टेस्ट लॅम्प असतो. टेस्ट लॅम्प म्हणजे इंडिकेटरचा जुना २१ वॉटचा बल्ब, त्याचा होल्डर आणि दोन वायरी, टोकाला मगरीच्या जबड्यासारखे चिमटे. याच्यावर गुरुजींचा मल्टिमीटरपेक्षा जास्त विश्वास. ते म्हणतात, "मीटर नुसता आकडा सांगतो. आकडा पाठ करून आलेलं पोरगंही सांगतं. बल्बला काम करून दाखवावं लागतं." हे शास्त्राला धरूनच आहे. एकाच केसावर तगलेली वायर मीटरला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते आणि बल्बचं ओझं पडलं की मान टाकते.

अर्थ म्हणजे काय, हे गुरुजींकडून एकदा तरी ऐकावं. तेवढ्यावर सुटका होत नाही, पण एकदा तरी ऐकावं. गाडीच्या दिव्याला बॅटरीकडून करंट न्यायला वायर असते. परतीला मात्र बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच वापरतात, कारण बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. होल्डरपासून जवळच्या पत्र्यापर्यंत एक वीतभर वायर, तिच्या टोकाला एक कडी, कडीत एक स्क्रू. एवढाच परतीचा प्रवास. "वरातीसारखं आहे," गुरुजी म्हणतात. "जाताना बँड, गुलाल, सजवलेली गाडी. येताना कोण कसं आलं, कोणी विचारत नाही. पाहुणा स्टँडवर बसलेला असतो." तो पाहुणा स्टँडवर अडकला की दिवा मंद. कडी आणि पत्रा यांच्यामध्ये गंज शिरला, रंग आला, चिखल बसला की बॅटरी ठणठणीत, बल्ब कोरा, फ्यूज शाबूत आणि तरी गाडीपुढे निरांजन.

गंज शिरायला अहेरीसारखं गाव नाही. प्राणहितेच्या काठची दमट हवा, इथला दांडगा पाऊस आणि उरलेले महिने सुरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकांमागची लाल धूळ. त्यात उंदीर. त्यांना वायरीवरच्या प्लास्टिकची चटक का लागते, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आणि गाडी दुरुस्त करायची तर चंद्रपूर शंभराच्या वर किलोमीटर, गडचिरोली शंभराच्या वर, नागपूर अडीचशेच्याही पलीकडे. गुरुजी अजून चंद्रपूरला चांदाच म्हणतात. "२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला," ते सांगतात, "पण पार्ट मागवायचा तर अजून चांद्यालाच निरोप धाडावा लागतो." चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी रवाना झालं, तेव्हा गावाला अभिमान वाटला. गुरुजींनाही वाटला. फक्त ते एवढंच म्हणाले की इथलं सागवान अयोध्येला पोचतं, मग तिकडचा एक कॉम्बी स्विच अहेरीला का पोचत नाही?

म्हणून इथे बदलून टाकण्यापेक्षा शोधून काढण्याला मान आहे. शहरात मेकॅनिक पार्ट बदलत बदलत दोषापर्यंत पोचतो. इथे बदलायला पार्टच नसतो, तेव्हा विचार करावा लागतो. गुरुजी ही संधी सोडत नाहीत.

माझी त्यांच्याशी ओळख अशीच झाली. बदलीनं अहेरीला आलो तेव्हा बरोबर माझीही जुनी मारुती ८०० होती. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि २०१४ च्या सुरुवातीला बनायची थांबली. शहरात तिला लोक आता प्रेमानं म्हातारी म्हणतात. अहेरीत तिला नवी म्हणणारेही भेटले, कारण इथली मोजदाद जीपपासून सुरू होते. तर माझ्या या नव्या गाडीला एक विचित्र रोग जडला. डावा इंडिकेटर दिला की मागचा लाल दिवाही त्याच्याबरोबर डोळा मारायचा. ब्रेक दाबला की इंडिकेटर अर्धवट पेटायचा. आणि सगळे दिवे बंद असताना ब्रेक दाबला तर डॅशबोर्डवरची आकड्यांमागची बत्ती हळूच लागायची. मागून येणाऱ्याला मी वळतोय, थांबतोय की त्याची थट्टा करतोय, हे कळेना.

चौकात तिन्ही पक्षांनी निकाल दिले. बल्ब बदलला, फ्यूज बदलला. बॅटरी बदलायच्या आत गुरुजी आले.

त्यांनी गाडीला हात लावला नाही. आधी इतिहास विचारला. कधीपासून? पावसाळ्यानंतर की आधी? मागून कधी ठोकर बसली का? डेंटिंग-पेंटिंग? वायपर चालू असताना वाढतं का? हॉर्न दिल्यावर? मग शबनममधून वही निघाली. वहीत रकाने आखलेले: तारीख, गाडी, लक्षण, संशय, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मागच्या गाड्यांपुढे लाल शाईत लिहिलेलं होतं, "अर्थ स्पष्ट झाला", "अर्थबोध झाला नाही" आणि एका ठिकाणी "पालकांना भेटण्यास सांगावे". पालक म्हणजे गाडीचा आधीचा मालक, हा खुलासा मला नंतर झाला.

"आता पाहा," गुरुजी म्हणाले. त्यांनी डिकीतून एक लांब वायर ओढत नेली. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं टोक मागच्या डाव्या होल्डरच्या पत्र्याला. लाल दिव्याचं डोळे मारणं बंद झालं. इंडिकेटर शहाण्यासारखा लुकलुकू लागला. ब्रेकचा दिवा असा पेटला की मागे उभा असलेला पानठेलेवाला डोळ्यांवर हात घेऊन सरकला. वायर काढली की पुन्हा थट्टा सुरू.

"पर्लकोटा नदीचा पूल पाण्याखाली गेला की भामरागडचे लोक काय करतात?"

"थांबतात," मी म्हणालो.

"माणूस थांबतो. करंट थांबत नाही. त्याला घरी जायचंच असतं. सरळ रस्ता बुडाला की तो शेजाऱ्याच्या अंगणातून जातो." तर माझ्या ब्रेकचा करंट परतीचा रस्ता बंद म्हणून त्याच होल्डरातल्या टेललाइटच्या तारेत उलटा शिरत होता, तिथून मागे डॅशबोर्डच्या बत्तीपर्यंत जात होता आणि तिच्यातून पत्र्याला मिळत होता. ज्याच्या ज्याच्या अंगणातून पाहुणा गेला, त्यानं दिवा लावला. इतकं सरळ होतं. एका स्क्रूखालचा हिरवा-पांढरा थर पॉलिश पेपरनं घासला, पत्रा चकचकीत केला, स्क्रू आवळला आणि वर व्हॅसलीनचं बोट फिरवलं. काम दहा मिनिटांचं. लागले पावणेतीन तास, कारण मधे दोनदा चहा झाला आणि एकदा मराठी शब्दकोशात अर्थ या शब्दाखाली पैसा, हेतू आणि आशय असे तीन वेगवेगळे मुक्काम का आहेत, हा विषय निघाला. "चौथा मुक्काम इंग्रजांनी आणला," गुरुजी म्हणाले. "सरकारी पुस्तकात त्याला भूसंपर्कन म्हणतात. पण भूसंपर्कन म्हटलं की मेकॅनिक खाली वाकून टायर बघतो."

पैसे घेत नाहीत. विचारलं तर दुखावतात. म्हणतात, "अर्थासाठी अर्थ घ्यायचा नसतो."

हा अर्थ कधी कधी भलतीकडेही जातो. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण. तिकडच्या गाड्यांची इकडे सारखी ये-जा. एकदा तिकडचा एक टेम्पोवाला चौकात अडकला, हेडलाइट पिवळे पडलेले. गुरुजींना तेलुगू कामापुरतं येतं. त्यांनी होल्डर, वायर, पत्रा असं सगळं दाखवून समजावलं आणि शेवटी विचारलं, "अर्थमैंदा?" म्हणजे समजलं का. तो बिचारा मान हलवून म्हणाला, "अर्थम कालेदु." म्हणजे नाही समजलं. गुरुजींचा चेहरा उजळला. गर्दीकडे वळून म्हणाले, "पाहा! मी सांगत नव्हतो? तोही तेच म्हणतोय, अर्थच नाही!" आणि पान्हा घेऊन गाडीखाली शिरले. हेडलाइट पांढरेशुभ्र करूनच बाहेर आले. टेम्पोवाल्याला अखेरपर्यंत काय झालं ते समजलं नाही, पण तो गुरुजींच्या पाया पडून गेला.

आता त्यांचे अवगुण. पहिला म्हणजे त्यांना साधा रोग सोसत नाही. इंडिकेटर नेहमीपेक्षा भराभर टिकटिकायला लागला तर बहुधा त्या बाजूचा एक बल्ब गेलेला असतो. हे शाळकरी पोरालाही ठाऊक. गुरुजींनाही ठाऊक. पण असा पेशंट आला की ते वही मिटून म्हणतात, "हे तुम्ही बल्बवाल्यांना दाखवा," आणि त्या वेळी त्यांचा आवाज मोठ्या सर्जननं पडशाच्या रोग्याला परत पाठवावं तसा असतो. दुसरा अवगुण, फ्यूज. कोणी उडालेल्या १५ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार बसवलेली दिसली की गुरुजींचा तोल जातो. "पहारेकरी ओरडतो म्हणून त्याचं तोंड बांधलं! आता चोर घरात, आणि तुम्ही झोपा." हा शब्दार्थानं खरा धोका आहे. फ्यूज उडाला नाही की वायर तापते, वायर तापली की तिचं प्लास्टिक वितळतं आणि पुढचं काम अग्निशामक दलाचं. पण हे सांगताना गुरुजी ज्या आवेशात उभे राहतात, त्यामुळे अपराधी मनुष्य कान धरेल की काय असं वाटतं. एकानं खरंच धरले. तो त्यांचा विद्यार्थी निघाला.

तिसरा अवगुण सगळ्यांत वाईट. ते शेवटी बरोबर निघतात. एका उन्हाळ्यात लग्नाच्या वऱ्हाडाची एक जुनी जीप आली. एक हेडलाइट बंद. गुरुजींनी दुपारभर अर्थ शोधला. पुढची जाळी उतरवली, इंजिनपासून बॉडीपर्यंतची पट्टी घासली, मुहूर्त टळत आला, नवरदेव टोपी सांभाळत पाण्याच्या टाकीवर बसून राहिला. अखेर चहाच्या टपरीवरच्या पोरानं मागचं-पुढचं न पाहता नवा बल्ब लावला आणि उजेड पडला. बल्बवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिन्ही पक्षांनी आठ दिवस चौकात विजयोत्सव केला. गुरुजी एवढंच म्हणाले, "बल्ब गेला हे कार्य झालं. कारण कोणी पाहिलं का?"

नवव्या दिवशी तीच जीप आली. नवा बल्बही गेला होता. आता मल्टिमीटर निघाला. इंजिन चालू असताना बॅटरीवर चौदा-सव्वाचौदा व्होल्ट दिसायला हवेत. तिथे सोळा दिसले. जुन्या जीपचा रेग्युलेटर बाहेर, बॉडीला बसवलेला. त्याच्याच बुडाखालचा स्क्रू ढिला. त्याला पत्रा धड लागत नव्हता, म्हणून त्याला व्होल्टेज कमी असल्याचा भास व्हायचा आणि तो डायनॅमोला आणखी दे, आणखी दे म्हणून सांगत सुटायचा. बल्ब बिचारे जळून जात होते. "अर्थ नसलेल्या माणसाला कितीही दिलं तरी कमीच वाटतं," गुरुजींनी स्क्रू आवळता आवळता निकाल सांगितला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. बरोबर निघणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोण टाळ्या वाजवतं?

त्यांची किंमत मला कळली ती हेमलकशाहून परतताना. काम संपायला उशीर झाला, पेरमिली मागे पडलं आणि दिवस मावळला. भामरागड-आल्लापल्ली रस्त्यावर अंधार पडतो म्हणजे खरोखर पडतो. दोन्ही बाजूंना जंगल, मोबाइलला रेंज नाही आणि एका खड्ड्यात माझे दोन्ही हेडलाइट मिटले. दुसऱ्या खड्ड्यात पेटले. तिसऱ्यात पुन्हा मिटले. त्या वेळी देव आठवायला हवा होता. मला गुरुजी आठवले. त्यांनी एकदा सांगितलं होतं, "खड्ड्यानं मिटणारा आणि खड्ड्यानंच पेटणारा दिवा दिसला तर बल्बला दोष देऊ नका. मेलेला बल्ब खड्ड्यानं उठून बसत नाही. आणि दोन्ही दिवे एकदम गेले तर दोघांचा एक सामाईक दुखणारा सांधा शोधा."

बॉनेट उघडलं. टॉर्च तोंडात धरली. काळ्या वायरीचा मागोवा घेत बोट एका स्क्रूपाशी पोचलं. तो बोटानंच फिरत होता. कडी किल्लीनं खरवडली, स्क्रू रुपयाच्या नाण्यानं आवळला. एकदम उजेड पडला आणि त्या उजेडात समोर रस्त्यावर दोन हिरवे डोळे. ते चितळ होतं, हे नंतर समजलं. आधी काय वाटलं, ते लिहीत नाही.

व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटलं तर बल्बचा उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो, हे गणित गुरुजी नेहमी सांगत. मला ते तोवर शिकवणीतलं वाटायचं. त्या रात्री आल्लापल्लीपर्यंत मी त्यातला एकेक टक्का मोजत आलो.

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेलो. गुरुजींनी हकीकत ऐकली, वही काढली, शेऱ्यात लिहिलं, "विद्यार्थ्याने स्वप्रयत्नाने अर्थ लावला", आणि दहापैकी साडेसहा गुण दिले. साडेतीन का कापले, विचारलं. "नाण्यानं आवळलास. स्क्रूची खाच खराब होते."

बाई, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. ओसरीवरची ट्यूब त्या वेळीही फडफडत होती. "ही दोन महिने अशीच आहे," बाई म्हणाल्या. "बारा व्होल्टच्या पलीकडे यांना कशात अर्थ दिसत नाही. आणि म्हणे दिव्याखाली अंधार! आमच्याकडे तर तो अंगणात उभा करून ठेवलाय." त्यांचा रोख चंद्रपूर पासिंगच्या पांढऱ्या मारुतीकडे होता. दसऱ्याला अहेरीच्या राजवाड्यातून पालखी निघते, त्या दिवशी गुरुजी गाडीला हार घालतात, टेस्टरला हळदीकुंकू लावतात, आपट्याचं पान शबनमवर ठेवतात. पण त्या गाडीचा उजवा इंडिकेटर चार वर्षं लागलेला नाही. बल्ब नवा, स्विच ठीक, फ्लॅशर ठीक, आणि अर्थ? अर्थ सोळा वेळा घासून झाला. वहीत त्या गाडीला एक सबंध प्रकरण आहे. चौकातलं कोणीही पोरगं अर्ध्या तासात ती वायर बदलून देईल. गुरुजी देऊ देत नाहीत. "कारण कळल्याशिवाय दुरुस्त करणं म्हणजे कॉपी करून पास होणं."

तेव्हा कधी अहेरीला आलात आणि आल्लापल्ली रस्त्यावर पुढच्या पांढऱ्या मारुतीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, तर तो नमस्कार समजून हॉर्न देऊ नका. वेग कमी करा. गुरुजी उजवीकडे वळताहेत.